पेठ वाढवली

येरळपेठेत गुणाक्का कासारणीच्या कट्ट्यावर बसून कुणी ‘बांगडी फुटली’ असं म्हणालं, की ती त्या बाईचा हात तिथल्या तिथे सोडून द्यायची. ‘वाढली म्हण. फुटतंय ते डोकं. बांगडी वाढतीया.’ मग ती बाई अर्धवट भरलेले हात घेऊन ओशाळून ‘वाढली’ म्हणायची, आणि त्यानंतरच पुढची बांगडी मनगटात जायची. बांगडी वाढते, कुंकू वाढतं, नारळ वाढवतात, संध्याकाळी फळ्या लावून दुकान वाढवतात. फुटणं, पुसणं, मोडणं, बंद होणं हे शब्द आपल्या लोकांना तोंडात नकोत, म्हणून सगळी अशुभ कामं एका ‘वाढवण्या’च्या डोक्यावर लादून ठेवलेली. या एका शब्दापायी १९४६ साली अख्खी पेठ जायची वेळ आली होती, आणि ती राहिली तीही त्याच शब्दापायी. मधला सगळा वैताग मात्र गुणाक्काच्या वाट्याला आला.

तिचं नाव गुणमाला. माहेर सांगलीजवळचं, मराठी चौथी पास. पंधराव्या वर्षी येरळपेठेतल्या जैन कासाराच्या घरात आली, तेव्हा सासऱ्यांनी चुलीआधी तिला दुकान दाखवलं. मुलगा धन्यकुमार इतका मऊ, की बायकांचा हात दाबायचीच त्याला भीती वाटे. त्याच्याच्याने हा धंदा होणार नाही, हे म्हाताऱ्याने केव्हाच ओळखलं होतं. ‘दाबायचं ते हाताला, काचेला न्हवं,’ एवढं एक वाक्य त्यांनी सुनेला शिकवलं आणि ते खांबाला टेकून निवांत झाले. चार वर्षांत गुणाक्काचा हात असा बसला, की खुरप्याने रुंद झालेल्या पंजावरूनही ती नेमक्या मापाची बांगडी वर चढवायची आणि समोरची बाई सासूची गाऱ्हाणी सांगण्यात दंग असायची. धन्यकुमार पेटी घेऊन आसपासच्या जत्रा करी. दुकान नावाने त्याचं होतं. चालवायची ती.

तिला दोन खोडी होत्या. समोर येईल तो कागद वाचायचा, मग तो बांगड्यांच्या पेटीतल्या गुंडाळीचा का असेना. आणि वाचलेलं दुसऱ्याला समजेपर्यंत सोडायचं नाही. गावात लिहिता-वाचता येणारे पुरुष शंभर असतील, पण कागद पुढे आला की खालची मोकळी जागा शोधून सही ठोकायची, याला ते वाचणं म्हणत. या गोष्टीचा गुणाक्काला जन्मभर संताप होता, आणि तो अगदी रास्त होता.

पेठेत अडतीस दुकानं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा देशमुखाने ती वसवली असं सांगत. कागद अर्थात कुणापाशीच नव्हता. दोन्ही अंगांनी काळ्या दगडाचे कमरेच्या वर येतील असे कट्टे, त्यांवर सागवानी खांब, आणि दाराऐवजी खाचेत एकेक सरकवायच्या फळ्या. मध्यावर रस्ता हातासारखा वाकलेला, म्हणून त्या वळणाचं नावच ‘कोपर’. प्रत्येक कट्ट्याच्या कडेला खांद्याइतका उंच, माथ्यावर सपाट असा एक उभा दगड. बाजारादिवशी डोक्यावर माळव्याची, भाजीपाल्याची पाटी घेऊन तीन-चार कोस चालत आलेली बाई त्या दगडाला खेटून उभी राही, मान जराशी कलती करी, की पाटी सरकून दगडावर. परत जाताना दगडावरून डोक्यावर. ‘जरा हात लावा हो’ म्हणून कुणा परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघायला नको. बायकांनी हे कधी बोलून दाखवलं नाही आणि पुरुषांच्या ते कधी लक्षात आलं नाही. लक्षात यायला डोक्यावर पाटी असावी लागते.

गुणाक्काचं दुकान ऐन कोपरावर. आत दीड खणाची अंधारी जागा, त्यात फक्त माल मावे. बायका बसत त्या कट्ट्यावर, भरपूर उजेडात आणि तरी खांबाच्या आडोशाला. पोर पाजायची, पाणी प्यायचं, हात पुढे करायचा आणि मन मोकळं करायचं, सगळं तिथेच. कट्टा होता म्हणून दुकान होतं. रस्त्यात उभं राहून कुठली बाई बांगड्या भरून घेणार?

त्या साली सुभेदार आकाराम लढाईवरून परत आले. घरचं उसाचं रान, पेठेच्या तोंडाशी धान्याचं दुकान, छातीवर तीन बिल्ले. गावाने त्यांना लगोलग मुन्शिपाल्टीचे अध्यक्ष केलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं होतं, त्याच्याशी सरळ भांडता आलं असतं. पण हा माणूस स्वतःच सरळ, आणि त्याला जगातलं सगळं सरळ हवं. कैरो बघितलं, इटली बघितली, आणि गावी येऊन बघतो तर पेठेला कोपर! पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं: कट्टे काढायचे, कोपर कापायचं, मधून मोटार गेली पाहिजे. तसा नकाशाही काढून घेतला. कारकुनाने ठरावाला मथळा घातला, ‘मुख्य पेठ वाढविणेबाबत’. खाली एक ओळ: ‘पेठ वाढविण्यास आमची हरकत नाही.’ आणि त्याखाली सह्यांसाठी जागा. कागद घेऊन धुळा शिपाई पेठेत निघाला. धुळ्याला स्वतःला अक्षर ओळखीचं नव्हतं.

नेमकी तेव्हा गुणाक्का सांगलीला गेलेली. दिवाळीचा माल भरायचा होता आणि धाकटी बहीण कस्तुरीकडे दोन दिवस राहायचं होतं. वर्षातून एकदा बाई चार दिवस बाहेर जाते, तेवढ्यात घर लुटलं जातं ते असं.

मोटारीतून उतरून डोक्यावर पेटी घेऊन ती आली, ती चावडीच्या भिंतीवरचा हुकूम वाचूनच. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी कट्ट्यांना पहारी लागणार, ‘सर्व दुकानदारांच्या लेखी संमतीने’. पेटी खाली न ठेवताच तिने नवऱ्याला विचारलं, ‘आवं, तुमी सही केलीसा?’

‘व्हय,’ धन्यकुमार म्हणाला. ‘समद्यांनीच केली.’

‘वाचून केली?’

‘त्यात वाचायचं काय? धुळा म्हणला, पेठ वाढवायची हाय, हरकत न्हाई म्हणून सही करा. मला वाटलं, दिल्लीत आपली माणसं खुर्चीवर बसली, त्याच्या आनंदात एक दिस पेठ वाढवायची असंल.’

‘त्यासाठनं सह्या घेत्यात?’

‘मागं चळवळीच्या साली आपुन पेठ वाढवली तर फौजदारानं एकेकाला चौकीवर बसवून ठेवलंतं. औंदा आधीच कागद करून घ्यायला लागलेत म्हणलं, राज्य सुधारलं. उलट मीच धुळ्याला बजावलं, वाढवा, पर बाजाराचा गुरुवार तेवढा सोडून वाढवा.’

‘मग धुळा काय म्हणला?’

‘म्हणला, सायबाला सांगतो.’

गुणाक्काने पेटी दगडावर टेकली. ‘तुमच्या बानं जलमभर दगड राखला, तुमी त्यो अंगठ्याएवढ्या जागंत विकला,’ एवढंच ती म्हणाली. ऊन उतरलेलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची त्यांच्यात रीत, म्हणून ती तशीच चुलीपुढे बसली. पण भाकरी थापताना परातीचा आवाज तिसऱ्या दुकानापर्यंत जात होता.

दुसऱ्या दिवशी ती सुभेदारांकडे गेली. ते दुकानात हिशेबाच्या गादीवर न बसता लोखंडी खुर्चीवर बसत. बाजूला त्यांची बायको राहीबाई मूग निवडत होती.

‘सुभेदार, कागूद दाखवा.’

त्यांनी काढून दाखवला. माणसाला लपवायची सवय नव्हती. अडतीस सह्या-अंगठे. त्यातल्या एका सहीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘गुरुवार सोडून.’

‘ह्ये काय लिवलंय?’ गुणाक्काने बोट ठेवलं.

‘गुरुवारी काम नगं म्हणत असतील. बाजार असतोय न्हवं?’

‘आवं, ह्यांनी पेठ बंद ठेवायची म्हणून सही केलीया! कट्टं काढायला न्हवं!’

‘आक्का, सही म्हंजे सही. फौजेत हुकूम वाचून दाखवला न्हाई म्हणून शिपाई लढाईवर गेला न्हाई, असं कवा झालंय?’ सुभेदार उठून रस्त्यात उभे राहिले. ‘आता बघा, रस्ता कसा पायजे? बंदुकीच्या नळीगत! हितनं नजर टाकली की वेशीभायेरचं चिंचंचं झाड दिसाय पायजे.’

‘त्ये झाड बघून करायचं काय?’

‘करायचं काय म्हंजे? दिसाय पायजे!’

‘सुभेदार, माझा जलम हात बघण्यात गेला. हाताला कोपर हाय म्हणून घास तोंडात जातोय. सरळ हात करून जेवून बघा एकदा.’

राहीबाई मुगात तोंड घालून हसली. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. ‘ठराव साताऱ्याला कलेक्टर कचेरीत गेलाय,’ ते म्हणाले. ‘हुकूम दिला की मागं घ्यायचा नसतोय. माझ्याकडं तरी न्हाई.’

मग साताऱ्याला. धन्यकुमारला बरोबर घेऊन, दोन मोटारी बदलून, कोरेगावला तीन तास ताटकळून ती कलेक्टर कचेरीत पोचली. कारकून सभ्य होता. त्याने फाइल काढली, कागद पाहिला आणि म्हणाला, ‘बाई, सह्या तर आहेत. आता एकच मार्ग. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी लिहून द्यावं, की मजकूर न वाचता, गैरसमजुतीने सही केली. अर्ध्याअधिकांनी दिलं तरी काम थांबेल.’

एवढं सोपं. गुणाक्का परतीच्या मोटारीत मजकूर मनात जुळवत आली. धन्यकुमार खिडकीतून बाहेर बघत होता. कोरेगाव मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, ‘मी न वाचता सही केली, असं लिवायचं?’

‘केलीसा की न्हाई?’

‘केली. पर लिवायचं?’

तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पेठेत अडतीस दुकानदार, आणि ‘मी वाचलं नाही’ असं लिहून द्यायला एक तयार होईना! केरबा पानवाल्याला तर वाचताच येत नव्हतं, अंगठेबहाद्दर. तोसुद्धा पानाला चुना लावत म्हणाला, ‘आक्का, मी कागूद न बघता अंगठा दिला असं पोरांच्या कानावर गेलं तर पोरं काय म्हणतील?’

‘बघून काय दिसणार हुतं तुला?’

‘त्ये निराळं. पर बघितला असता न्हवं?’

सुकुमार कापडवाल्याने कळसच केला. हा तिचा चुलतदीर, गावातला शहाणा. ‘मला ठावं हुतं सगळं,’ तो म्हणाला. ‘मी वाचूनच सही केली. नव्या जगात कट्टं कुठं चालायचं, वैनी? मी आता शिमिटाचं तोंड करणार दुकानाला. वर नाव, शिमिटातच.’

‘वाचून केलीसा?’

‘अक्षर न् अक्षर.’

‘मग सहीखाली “गुरुवार सोडून” असं कुणी लिवलंय? अक्षर वळखतंय मला. ह्याच अक्षरात लुगड्याच्या चिठ्ठ्या येत्यात माझ्याकडं.’

सुकुमार गजाने कापड मोजायला लागला. समोर गिऱ्हाईक नव्हतं.

आठ दिवस ती दारोदार फिरली. वेंधळेपणा कबूल करण्यापेक्षा आपला कट्टा गेलेला या लोकांना परवडत होता. कुणी म्हणे दगड जुनाच झालाय, कुणी म्हणे सगळ्यांचं होईल ते आपलं होईल, कुणी म्हणे मोटार आली तर बरंच की. मोटार येऊन थांबणार कुठे आणि उतरणारी बाई ओझं टेकणार कशावर, हा विचार एकाच्याही डोक्याला शिवला नाही. दिवाळी झाली. गुणाक्काने त्या दिवाळीत एवढ्या बांगड्या भरल्या, पण तिच्या हातून तीन बांगड्या भरतानाच वाढल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सुभेदार खरे फौजी. अधिकाऱ्याने पुढे राहायचं, म्हणून सोमवारच्या आठ दिवस आधीच त्यांनी स्वतःच्या दुकानाचा कट्टा काढून टाकला. दगड बाजूला रचले, जमीन रस्त्याबरोबर केली, फळ्यांच्या खाचा गेल्या म्हणून पुढे तात्पुरता तरटाचा पडदा लावला. पेठेच्या तोंडाशी ते एकच दुकान जमिनीवर बसल्यासारखं दिसायला लागलं. ‘कसं मोकळं वाटतंय!’ सुभेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मोकळं खरंच झालं होतं.

आता दरसाल दिवाळीनंतर जतकडच्या दुष्काळी माळावरचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला सरकतात, आणि त्यांची वाट येरळपेठेतून जाते. तीनशे-चारशे मेंढरांचा लोट एका बाजूने शिरतो, दोन्हीकडच्या कट्ट्यांमधून पाटातल्या पाण्यासारखा वाहतो, कोपरावर जरा तुंबतो, तेवढ्यात धनगर मागची पुढची मोजून घेतात, आणि लोट दुसऱ्या बाजूने बाहेर. दुकानातल्या कुणाला मांडी बदलावी लागत नाही. दीडशे वर्षं हे असंच चाललेलं, त्यामुळे कुणी त्याचा विचारही केलेला नव्हता. शुक्रवारी सकाळी अर्जुना धनगराचा कळप आला. पुढच्या मेंढीला उजव्या हाताला कट्टा दिसायचा तिथे वाट दिसली. ती गेली. मेंढरांचं पुढचं सांगायला नको.

गुणाक्काला पहिल्यांदा ऐकू आलं ते ‘हॉल्ट! हॉल्ट!’ असं ओरडणं. ती कट्ट्यावर उभी राहून बघते, तर सुभेदार लोखंडी खुर्चीवर चढलेले, खाली लोकरीचा समुद्र, आणि आतून पोती फाटल्याचा आवाज.

‘अर्जुना! आवर रं! बाहीर काढ!’

‘आवं मालक, आत जागा असंस्तवर ती बाहीर येत न्हाईत,’ अर्जुना काठी टेकून शांतपणे म्हणाला. ‘हितं कट्टा हुता न्हवं का?’

‘काढला!’

‘का?’

याला सुभेदारांपाशी उत्तर होतं, पण खुर्चीवर उभं राहून ते देता येईना. राहीबाई सूप घेऊन आत घुसली आणि एकेक मेंढरू मानगुटीला धरून बाहेर लोटायला लागली. तासाभराने दुकान रिकामं झालं, बऱ्याचशा जोंधळ्यासकट.

दुपारी राहीबाई कोपरावर आली. दोन्ही हात पुढे केले. डाव्या हातात दोन बांगड्या राहिल्या होत्या, उजव्यात एक.

‘मेंढरांच्या पायी सगळ्या फु...’ तिने जीभ चावली. ‘वाढल्या गं आक्का.’

‘बस. पाणी पी.’

गुणाक्का हिरवा चुडा भरायला बसली. अर्ध्या तासाने सुभेदार तिला शोधत आले. कट्ट्यापाशी उभे राहिले, मग आपसूक हात टेकून वर चढले आणि बसले. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला उठायची घाई नसते, हा त्याचा गुणच आहे.

‘आक्का,’ शेवटी ते म्हणाले, ‘चूक झाली म्हणा. पर ठराव गेलाय. सोमवारी काम केलं न्हाई तर साताऱ्याला काय कळवू? आकारामानं हुकूम काढला आणि आकारामानंच गिळला? फौजेत अशा अधिकाऱ्याला...’

‘तुमी बी लिवाय तयार न्हाई. त्ये बाकीचं बी लिवाय तयार न्हाईत.’ गुणाक्काने राहीबाईचा अंगठा आत दुमडला. ‘एकानं लिवलं असतं मी चुकलो, तर माझं चपलीचं तळ वाचलं असतं.’

‘पर आता करायचं काय?’

तिने बांगडी वर चढवली. हात तसाच धरून ठेवला. ‘सुभेदार, ठरावात शबूद काय हाय?’

‘पेठ वाढविणे.’

‘कट्टं काढणं असं हाय?’

‘त्ये नकाशात हाय. ठरावात आणि सह्यांच्या कागदात वाढविणे.’

‘मग वाढवा की!’

‘म्हंजे?’

‘सोमवारी दुपारी तीन वाजता फळ्या लावायच्या. अडतीस दुकानं वाढवायची. तुमचा हुकूम तामील झाला, त्यांची सही खरी झाली. कुणी चुकलंच न्हाई. सोमवार हाय, गुरुवार बी सुटला.’

सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलले, आणि तो तीन बिल्ल्यांचा माणूस खांबाला डोकं टेकून इतका हसला, की समोरून सुकुमार गज हातात घेऊन बाहेर आला. राहीबाईचा हात हसण्याने हलत होता. ‘हात हलवू नगं!’ गुणाक्का ओरडली. तिला हसू येत नव्हतं. तीन आठवडे डोकं फोडून घेतल्यावर, जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते आज सुचलं, याचाच तिला राग आला होता.

सोमवारी तीनला धुळ्याने दवंडी पिटली. ‘ऐका हो ऐका! मुन्शिपाल्टीच्या ठरावापरमानं आज पेठ वाढवली हाय होऽऽ!’ अडतीस दुकानांच्या फळ्या एकेक करून खाचेत बसल्या. सदतीसच खरं म्हणजे, सुभेदारांनी तरट खाली सोडलं. लोक इतके खूश होते, की विचारूच नका. ‘बघा, मी म्हणत हुतो न्हवं, पेठ वाढवायचीच सही हाय,’ असं सुकुमार जो भेटेल त्याला सांगत होता. केरबा मान डोलावत होता. धन्यकुमार घरी येऊन बायकोला म्हणाला, ‘शेवटी माझंच खरं झालं.’ गुणाक्काने त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

कारकुनाने साताऱ्याला कळवलं: ‘ठरल्या तारखेस पेठ वाढविण्यात आली.’ दोन महिन्यांनी तिकडून विचारणा आली: ‘किती फूट वाढविली ते कळवावे.’ सुभेदार कागद घेऊन थेट कोपरावर आले. गुणाक्काने तो दोनदा वाचला आणि सांगितलं, ‘लिवा: पेठ संपूर्ण वाढविली. शिल्लक काही नाही.’ त्यावर साताऱ्याहून काही आलं नाही. पुढे राज्यच बदललं, आणि ती फाइल कुठल्या गठ्ठ्यात गेली कोण जाणे.

कट्टे राहिले, कोपर राहिलं. गुणाक्का पुढे कितीतरी वर्षं त्याच कट्ट्यावर बांगड्या भरत राहिली. इथे थांबता आलं असतं तर बरं होतं. पण सुभेदारांना आपला कट्टा परत बांधायचा होता.

काढलेले जुने दगड तिथेच रचलेले होते. ते परत बसवायला दोन गवंडी आणि चार दिवस पुरले असते. पण मेंढरं शिरली याची भरपाई म्हणून की काय, सुभेदारांनी कुठून तरी शिमिटाचा परवाना मिळवला आणि कट्टा शिमिटाचा केला. बरं, केला तर केला. कडेचा ओझं टेकायचा दगड होता, त्या जागी त्यांनी शिमिटाचा खांब उभारला, त्यावर १९४७ असं कोरलं, आणि माथ्यावर हौसेने टोकदार कळस बसवला.

पहिल्याच गुरुवारी एक म्हातारी माळव्याची पाटी घेऊन सवयीने त्या खांबाला खेटली. मान कलती केली. पाटी कळसावर टेकली, फिरली, आणि वांगी पेठभर झाली.

गुणाक्का कोपरावरून बघत होती. तिच्या हातात गिऱ्हाइकाचा हात होता, सोडून जाता येईना. समोरून धुळा चालला होता. तिने त्याला हाक मारली. आता कळस म्हणजे देवाची वस्तू. तो फोडा, तोडा असं गुणाक्काच्या तोंडून मेली तरी निघालं नसतं.

‘धुळा, सुभेदारास्नी जाऊन सांग, आक्कानं सांगितलंय म्हणावं, तेवढा कळस वाढवा.’

धुळ्याने जाऊन अगदी शब्दाला शब्द सांगितलं.

पुढच्या गुरुवारी गुणाक्काने पाहिलं, तर गवंडी शिडीवरून उतरत होता, खाली सुभेदार कमरेवर हात ठेवून कौतुकाने वर बघत होते, आणि कळस चांगला हातभर उंच झालेला होता.

तो तसाच राहिला. सुभेदारांच्या दुकानात जोंधळा घ्यायला येणाऱ्या बायका आधी कोपरापर्यंत चालत जात, गुणाक्काच्या दगडावर पाटी टेकत, आणि मग रिकाम्या डोक्याने माघारी येत. ‘आक्का, पाटीकडं ध्यान असू द्या हं,’ असं जी ती म्हणे. गुणाक्का हातातला हात न सोडता त्या कळसाकडे बघे आणि म्हणे, ‘असू दे. त्यो वाढवलाय त्यांनी. माझ्याच सांगण्यावरनं वाढवलाय.’